नानाकाकांची वही आणि बेटावरची माती

मागच्या दिवाळीत पुरुषोत्तमनगरला गेलो होतो. नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ हे गाव आहे. गाव कसलं, सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची वसाहतच म्हणा ना. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे काळीभोर जमीन आणि तिच्यात ऊस, केळी, पपई. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या इथे नानाकाकांकडे गेल्या. काका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. रसाचा ब्रिक्स काढायचा, साखरेचं प्रमाण तपासायचं आणि वहीत लिहायचं, यात त्यांची नोकरी गेली. आता काका नाहीत. काकू एकट्याच असतात.

तर काकूंनी माळा आवरायला काढला होता. मी स्टुलावर उभा राहून एकेक वस्तू खाली देत होतो. त्यात एक लांबट, पुठ्ठ्याची, कापडी पाठीची वही निघाली. वाटलं, कारखान्याची कुठलीतरी जुनी नोंदवही असेल. उघडली तर काकांच्या रक्तातल्या साखरेचा हिशेब! तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, गोळ्या असे रकाने पाडलेले. आणि शेवटचा रकाना होता 'गोड'.

त्या शेवटच्या रकान्यानं मला काही सुचू दिलं नाही. त्याच्याविषयी शेवटी सांगतो. आधी गोळीची गोष्ट, कारण वही त्या गोळीसाठी सुरू झाली होती.

काकांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि २००७ साली मुंबईला प्रत्यारोपण झालं. किडनी काकूंची. दुसऱ्याचा अवयव शरीर परका समजतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. काकांना सुरुवातीला टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड वगैरे होतं. तीनेक वर्षांनी तपासणीत दिसलं की टॅक्रोलिमसचा किडनीलाच त्रास होतो आहे. मग २०१० मध्ये डॉक्टरांनी ते काढून सिरोलिमस सुरू केलं. क्रिएटिनिन खाली आलं, सगळे खूश झाले. आणि काही महिन्यांत काकांची साखर चढायला लागली.

साखर कारखान्याच्या वसाहतीत माणसाला मधुमेह झाला की लोक काय म्हणतात ते सांगायला नकोच. "नाना, गोड बंद करा आता." "लॅबमध्ये रस पीत असतील दिवसभर." घरातही तेच. काकू डबे लपवून ठेवायच्या. आणि मी? मी पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेला, घरातला 'शास्त्रज्ञ'. काकांनी मला फोनवर विचारलं होतं, "अरे, ही नवी गोळी साखर वाढवत असेल का? मी गोड खात नाही रे." मी म्हणालो होतो, "काका, गोळीवर ढकलू नका. खाण्यावर लक्ष द्या." हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यांचा प्रश्न बरोबर होता. किती बरोबर होता, हे कळायला मला त्या गोळीचा सगळा इतिहास वाचावा लागला. तो इतिहास सुरू होतो मातीपासून.

१९६४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरातून 'केप स्कॉट' नावाचं नौदलाचं जहाज निघालं. त्यावर डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते आणि मोहिमेचे प्रमुख होते मॅकगिल विद्यापीठाचे स्टॅनली स्कोरिना. जायचं होतं पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर. मोठमोठ्या दगडी पुतळ्यांचे फोटो आपण पाहिलेले असतात, तेच हे बेट. स्थानिक लोक त्याला 'रापा नुई' म्हणतात. तिथे विमानतळ व्हायचं घाटत होतं. एकदा विमानं आली की बाहेरचं जग येणार, बाहेरचे रोग येणार. त्याआधी या एकाकी बेटावरच्या माणसांची आणि निसर्गाची नीट तपासणी करून ठेवावी, हा उद्देश.

या चमूत जॉर्ज नोग्राडी नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. बेटावर लोक अनवाणी हिंडतात, घोडेही पुष्कळ आहेत, तरी धनुर्वात कसा होत नाही, हा त्यांचा प्रश्न. म्हणून त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती गोळा केली. धनुर्वाताचे जंतू शोधायला आणलेली ही माती पुढे माँट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. प्रतिजैविकं शोधण्यासाठी मातीचे नमुने चाळणं हे त्या काळी औषध कंपन्यांचं नेहमीचं काम होतं.

कारण माती म्हणजे सूक्ष्मजीवांचं रणांगण. पहिला पाऊस पडल्यावर जो वास येतो ना, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जीवाणूंचा. हेच जीवाणू शेजाऱ्यांना दूर ठेवायला तऱ्हेतऱ्हेची रसायनं तयार करतात. स्ट्रेप्टोमायसिन तिथूनच आलं. आपल्याकडेही हे झालेलं आहे. विद्यार्थी असताना आम्हांला पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना दाखवायला नेलं होतं. १९५४ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी. तिथे एम. जे. थिरुमलाचार यांच्या चमूनं बुरशीवर चालणारं एक प्रतिजैविक शोधलं. नाव 'हॅमायसिन', हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधला 'हॅ' घेऊन. ते तयार करणाऱ्या जीवाणूचं नाव पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. तेव्हा एका शास्त्रीय नावात पिंपरी आहे याचं फार कौतुक वाटलं होतं. काकांना मुद्दाम पत्र लिहून कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "आपल्या शहाद्याच्या मातीत बघ काही सापडतं का!"

आयर्स्टच्या प्रयोगशाळेत ईस्टर बेटाच्या मातीतून १९७२ साली जे निघालं तेही बुरशीवरचंच औषध होतं. जीवाणू 'स्ट्रेप्टोमायसिस हायग्रोस्कोपिकस' आणि रसायनाला रापा नुईवरून नाव दिलं रापामायसिन. पुढे औषध म्हणून त्याचं नाव झालं सिरोलिमस. म्हणजे काकांची गोळी.

ते वेगळं करणाऱ्यांतले मुख्य शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल. जन्म आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबातला, औषधशास्त्राचं शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात, मग इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला पीएच.डी. आणि पुढे कॅनडा. या माणसाविषयी आपल्या शाळांत एक ओळही शिकवत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. असो.

रापामायसिननं बुरशी तर मारली, पण प्राण्यांमध्ये ते प्रतिकारशक्तीही दाबत होतं. बुरशीवरच्या औषधात हा दोषच. रोग्याची प्रतिकारशक्ती दाबून त्याचा संसर्ग कसा बरा करणार? सहगलांच्या लक्षात आलं होतं की हा पदार्थ काहीतरी निराळा आहे. गाठींच्या पेशींची वाढही तो रोखत होता. पण १९८३ च्या सुमारास कंपनीनं माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि रापामायसिनचं काम थांबलं. सहगलांची बदली अमेरिकेत प्रिन्स्टनला झाली. जाण्याआधी त्यांनी एक शेवटचा मोठा घाणा तयार करून घेतला आणि काही कुप्या चक्क घरी नेल्या. घरच्यांच्या आठवणीप्रमाणे त्या फ्रीझरमध्ये 'खाऊ नका' अशी चिठ्ठी लावून ठेवल्या होत्या. सामानाबरोबर त्याही माँट्रियलहून प्रिन्स्टनला गेल्या.

१९८७ मध्ये आयर्स्ट आणि वायथ या कंपन्या एक झाल्या. सहगलांनी नव्या वरिष्ठांना पटवलं आणि १९८८ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात जग बदललं होतं. नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनमुळे अवयव-प्रत्यारोपण ही नेहमीची शस्त्रक्रिया होऊ लागली होती. जपानमध्ये त्सुकुबा डोंगराच्या मातीतून १९८४ साली टॅक्रोलिमस सापडलं होतं. बुरशीच्या औषधाचा जो दोष होता, त्यालाच आता बाजारपेठ होती! १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी-प्रत्यारोपणासाठी सिरोलिमसला मान्यता मिळाली. बेटावरची माती गोळा केल्यापासून जवळजवळ ३५ वर्षांनी. सहगलांना त्याआधीच आतड्याच्या कर्करोगानं गाठलं होतं. त्यांनी स्वतःवर हेच औषध वापरून पाहिलं. २००३ च्या जानेवारीत ते गेले.

आता प्रश्न असा, की हे औषध नेमकं करतं काय? गंमत म्हणजे बाजारात येईपर्यंतही हे पुरतं उलगडलं नव्हतं. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकल हॉल यांनी यीस्टवर प्रयोग करून रापामायसिनचा नेम कुठे बसतो ते शोधलं. त्या प्रथिनाला नाव दिलं टॉर, म्हणजे 'रापामायसिनचं लक्ष्य'. १९९४ मध्ये तसंच प्रथिन सस्तन प्राण्यांतही मिळालं. त्याला एम-टॉर म्हणतात. औषधावरून प्रथिनाचं नाव पडलं, असं क्वचितच होतं.

एम-टॉरचं काम समजावून सांगायला मला साखर कारखान्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. आणि ते माझं नाही, काकांचं आहे. पुढे मी जेव्हा त्यांना हे सगळं सांगत होतो तेव्हा त्यांनीच ते सुचवलं.

गळीत हंगामात कारखाना कसा चालतो? यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. गव्हाणीत ऊस पडत राहतो, तिन्ही पाळ्यांत काम चालतं. त्या दिवसांत कोणी यंत्रं उघडत नाही. जरा कुरकुर झाली तरी दामटत राहायचं. मग ऊस संपतो, भोंगा थांबतो. आणि ऑफ सीझनला सगळं खोलून बसतात. रोलर उतरवायचे, झिजलेलं काढायचं, नळ्या घासायच्या, जुनं लोखंड भंगारात टाकायचं किंवा त्यातलंच काही दुसरीकडे जोडायचं. पुढचा हंगाम त्या दुरुस्तीवर चालतो.

पेशीचंही असंच आहे. खाणं मुबलक असलं की एम-टॉर जागं असतं आणि सांगतं, प्रथिनं बनवा, वाढा, एकाच्या दोन व्हा. उपासमार झाली की एम-टॉर गप्प होतं आणि पेशी दुरुस्तीला लागते. आपलेच मोडकेतोडके भाग पिशवीत भरते, पचवते आणि त्यातून निघालेला माल पुन्हा वापरते. या स्वभक्षणाला ऑटोफेजी म्हणतात. हे नाव बेल्जियमच्या क्रिस्तियान द द्यूव यांनी १९६३ मध्ये दिलं. पण तिची जनुकं आणि यंत्रणा उलगडली जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी, यीस्टवर १९९० च्या दशकात. १९९८ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेनं दाखवलं की भरपूर खाद्यात असलेल्या यीस्टलाही रापामायसिन दिलं तर ते उपाशी असल्यासारखं वागतं आणि ऑटोफेजी सुरू करतं. ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं.

थोडक्यात, रापामायसिन म्हणजे यार्डात उसाच्या गाड्या उभ्या असताना "ऊस संपला" अशी वर्दी देणारा निरोप्या. परक्या किडनीवर चालून जाणाऱ्या टी-पेशींना झपाट्यानं संख्या वाढवायची असते. त्यांना हा खोटा निरोप मिळतो आणि त्या थांबतात. किडनी वाचते. पण निरोप्या एकाच दारी थोडाच जातो? तो रक्तातून सगळीकडे हिंडतो. आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या दारीही जातो.

स्वादुपिंडात पेशींचे इवले पुंजके विखुरलेले असतात. माणसात साधारण दहा लाख. त्यांना 'लँगरहॅन्सची बेटं' म्हणतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्यानं ती पहिल्यांदा पाहिली. या बेटांमधल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. तेव्हा एका बेटावरून आलेलं औषध दुसऱ्या बेटांवर जाऊन काय करतं, असा हा प्रश्न आहे.

आणि इथे इतिहासानं मोठाच चकवा दिला. टाइप वन मधुमेहात बीटा पेशी नष्ट झालेल्या असतात. मग दात्याच्या स्वादुपिंडातून ही बेटं काढून रोग्यात का सोडू नयेत? प्रयत्न बरीच वर्षं चालू होते, यश फार थोडं. अडचण अशी की बेटं नाकारली जाऊ नयेत म्हणून जी औषधं द्यायची, त्यातली स्टिरॉइडं स्वतःच साखर वाढवतात आणि टॅक्रोलिमसचा मोठा डोसही बीटा पेशींना बाधतो. कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शॅपिरो आणि सहकाऱ्यांनी स्टिरॉइड टाळायचं ठरवलं. टॅक्रोलिमस कमी ठेवलं आणि मुख्य भिस्त ठेवली सिरोलिमसवर. बीटा पेशींना सांभाळून घेणारं औषध म्हणून! २००० साली त्यांनी निकाल छापला. सातच्या सात रोग्यांचं इन्शुलिन सुटलं. ज्यांनी जन्मभर सुया टोचून घेतल्या होत्या त्यांना सुई लागेना. केवढी बातमी होती ती.

मग वर्षं जात गेली तसे आकडे उतरत गेले. एडमंटनच्याच रोग्यांची २००५ मधली पाहणी सांगत होती की पाच वर्षांनंतर इन्शुलिनशिवाय राहू शकणारे सुमारे १० टक्केच. बऱ्याच जणांत बेटं थोडंफार काम करत होती, साखर एकाएकी कोसळण्याचा धोकाही टळला होता. म्हणजे सगळं वाया गेलं नव्हतं. पण सुई परत आली होती. २००६ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून ३६ रोग्यांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला. वर्षाअखेर १६ जणांना सुई लागत नव्हती आणि दुसऱ्या वर्षाअखेर त्यातले फक्त ५ उरले.

बेटं का थकली? कारणं अनेक होती. काही बेटं प्रत्यारोपणाच्या वेळीच मरतात, काहींवर प्रतिकारशक्तीचा हल्ला चालूच राहतो. पण संशयाची सुई सिरोलिमसकडेही वळली.

२००८ मध्ये जपान आणि कोरियातल्या दोन गटांनी एकाच सुमारास एक उलटा प्रयोग केला. उंदरांच्या बीटा पेशींतून ऑटोफेजीला लागणारं एक जनुक काढून टाकलं. दुरुस्ती बंद. परिणाम काय, तर बीटा पेशींत कचरा साठला, त्यांची संख्या घटली, इन्शुलिन कमी पडलं. बीटा पेशी म्हणजे बारमाही चालणारा कारखाना. इतकं इन्शुलिन बनवताना मोडतोड होणारच. म्हणजे ऑटोफेजी हवीच.

आणि २०१२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दुसरं टोक दाखवलं. रापामायसिन दिल्यावर उंदरांच्या बेटांमध्ये ऑटोफेजी फार वाढते, पेशी कमी जगतात, इन्शुलिन कमी सोडतात. सोबत ऑटोफेजी रोखणारं रसायन दिलं की नुकसान कमी होतं. दुरुस्तीसाठी यंत्र उघडणं वेगळं आणि ऐन हंगामात चालता रोलर भंगारात काढणं वेगळं. बीटा पेशीला थोडं स्वभक्षण जगवतं आणि अति झालं की तेच पोखरतं.

पण सगळा दोष ऑटोफेजीच्याच माथी मारणंही खरं नाही. त्याच सुमारास इतरांनी दाखवलं की एम-टॉर दोन निरनिराळ्या जोडण्यांमध्ये काम करतं. रापामायसिन आधी पहिलीला गाठतं, पण दीर्घकाळ चालू राहिलं तर दुसरीही मोडते. ही दुसरी मोडल्यानं बीटा पेशी मरतात आणि यकृतही इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. शिवाय नव्या बीटा पेशी तयार व्हायला एम-टॉर लागतंच. म्हणजे एकाच गोळीच्या तीनचार वाटा आणि सगळ्या जाऊन मिळतात साखरेला. माणसांतही हे दिसलं होतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे वीस हजार किडनी-प्रत्यारोपितांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सिरोलिमस घेणाऱ्यांत नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त निघालं.

२००८ मध्ये! काकांनी मला फोन केला तो २०११ मध्ये. उत्तर छापून तीन वर्षं झाली होती. मी शोधलं नव्हतं इतकंच.

हे सगळं मी वाचलं ते २०१३ च्या मे महिन्यात, तेही दुसऱ्याच कामासाठी काहीतरी शोधताना. लगेच पुरुषोत्तमनगरला गेलो. कारखान्यात ऑफ सीझन चालू होता. ओट्यावर बसून काकांना सगळं सांगितलं. बेट, माती, फ्रीझर, यीस्ट, सगळं. ते मन लावून ऐकत होते, मधे मधे प्रश्न विचारत होते, लॅबमधला जुना माणूस तो! कारखान्याचं उदाहरण त्यांनी तेव्हाच दिलं. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे ही गोळी बंद केली तर तुझ्या काकूची किडनी जाणार, आणि चालू ठेवली तर साखर."

मी म्हणालो, "बंद करायची नाही, काका. काही झालं तरी स्वतःच्या मनानं नाही."

"छे, बंद कशाला करतो? तिचं आहे ते, माझं थोडंच आहे? मला फक्त माहीत करून घ्यायचं होतं."

त्यांच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी सांगितलं की साखर वाढू शकते हे त्यांनी सुरुवातीलाच बोलून ठेवलं होतं. आमच्या घरात ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. 'गोड खाल्लं असेल' हे कारण जास्त सोपं होतं ना. रक्तातली औषधाची पातळी पाहून डोस थोडा उतरवला, इन्शुलिन सुरू केलं. काकांनी ते शिस्तीत घेतलं. २०१९ मध्ये काका हृदयविकारानं गेले. शेवटच्या तपासणीपर्यंत काकूंची किडनी उत्तम चालत होती. बारा वर्षं.

आता खरं तर एवढ्यावर थांबायला हवं. पण अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरत असतो, तुम्हांलाही आला असेल. जपानी शास्त्रज्ञाला उपासासाठी नोबेल मिळालं, आपल्या पूर्वजांना एकादशी कधीच ठाऊक होती, वगैरे. ओसुमींना नोबेल उपासासाठी मिळालं नाही, यीस्टमधली यंत्रणा उलगडल्याबद्दल मिळालं. आणि आपली एकादशी म्हणजे दुप्पट खाशी, हे आपणच म्हणून ठेवलं आहे! दुसरीकडे २००९ मध्ये रापामायसिननं म्हातारे उंदीरही जास्त जगले असा निकाल आला, तेव्हापासून परदेशात काही धडधाकट माणसं ही गोळी दीर्घायुष्यासाठी घेऊ लागली आहेत. एका गटाला ऑटोफेजी म्हणजे अमृत वाटतं. बीटा पेशींचा इतिहास वाचलेल्या माणसाला इतकं निःशंक होता येत नाही. बुरशीच्या औषधात जो दोष होता तोच प्रत्यारोपणात गुण झाला. जे औषध बेटांना सांभाळेल म्हणून निवडलं तेच त्यांना बाधलं. जी दुरुस्ती नसली तर पेशी मरते, तीच अति झाली तरी मरते. चांगलं की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे, कधी आणि किती, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या काकांना हे शिकवावं लागलं नाही. मला लागलं.

तर तो शेवटचा रकाना. 'गोड'.

पहिली नोंद २०१० ची, गोळी बदलली त्या आठवड्यातली. त्या रकान्यात शून्य. पुढे शून्य, शून्य, शून्य. पानंच्या पानं शून्य. मधे एकदा 'पेढा अर्धा, तुळशीचं लग्न'. एकदा 'रस एक घोट, मोळी टाकली'. पुन्हा शून्य. आणि शेजारच्या रकान्यात उपाशीपोटीचा आकडा चढत चाललेला. १०४, ११८, १३१, १५२. एका माणसाची वही म्हणजे काही शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मला कळतं. स्टिरॉइडही चालू होतं, वयही होतं. पण ज्या गोष्टीसाठी आम्ही सगळ्यांनी त्यांना बोल लावला, तिचा हिशेब त्यांनी रोज लिहून ठेवला होता, आणि दोन वर्षं मी तो मागितला नाही. त्यांनीही कधी आपणहून पुढे केला नाही. २०१३ मध्ये ओट्यावर मी बेटाची आणि मातीची गोष्ट सांगत होतो तेव्हाही नाही.

काकूंनी विचारलं, "कसली वही रे?"

मी म्हणालो, "काकांची, साखरेची. मी घेऊन जाऊ का?"

त्या म्हणाल्या, "ने. आणि येताना तो लाडवांचा डबा खाली दे."